धूर कसला?

"रेस दे," जयवंतकाका मागून ओरडले.

डेरिकने पाय दाबला. टेम्पो थरथरला, खोकला आणि सायलेन्सरमधून धुराचा लोट निघाला. काका त्या लोटापासून दोन फुटांवर उभे होते.

"धूर कसला?"

"काळा," डेरिक खिडकीतून म्हणाला.

धूर निळा होता.

गुरुवार, दुपारचे चार. उद्या सकाळी अकराला विरारच्या आरटीओत पासिंग. टेम्पो सोळा वर्षांचा, डॅडींच्या वेळचा. असा धूर मारला तर पास होणार नाही. पास नाही झाला तर वटारच्या वाड्यांतली फुलं आणि केळीची पानं सोमवारपासून दुसऱ्याच्या गाडीत. इझाबेल आंटीने तोंडावर सांगितलं होतं. "तुझ्या डॅडीने इतकी वर्षं माझा माल नेला, डेरिक. पण परवा तू पुलावर गाडी बंद पडून अडकलास आणि माझा सगळा चाफा टोपलीतच करपला. पासिंगचा कागद आण. नाहीतर मी दुसरी गाडी बघते." दुसरी गाडी आंटीला मिळाली असती. डेरिकला दुसरं काम कुठलं? त्याला गाडी चालवण्याशिवाय काही येत नव्हतं.

गाडी गॅरेजला आणायच्या आधी त्याने मोबाईलवर अकरा व्हिडिओ बघितले होते. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते, नाहीतर नोझल खराब. दिवसाभराचं काम. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, आतल्या रिंगा गेल्या, इंजिन उघडायचं. आठ दिवस.

त्याच्याकडे तीन होते.

वालीवच्या ह्या गॅरेज लायनीत सगळ्यांना माहीत होतं, जयवंतकाका गिऱ्हाइकालाच विचारतात, धूर कसला. मंगळवारी डेरिक आला तेव्हा शेजारचा वेल्डर विलास हसला होता. "आला काय नवीन विद्यार्थी? नीट उत्तर दे हां. काका नापास करतात."

आणि काकांनी विचारलं. डेरिकच्या तोंडातून गेलं, "काळा." विचार करून नाही गेलं. असंच गेलं. त्याला वाटलं, आपण काय बोललो त्याने काय फरक पडतो? काका समोर उभे आहेत. आता शिव्या घालतील, म्हणतील, डोळे फुटले काय रे तुझे.

काकांनी नुसतं दोनदा नाक ओढलं.

"वास ऑइलचा येतोय. नक्की काळा?"

"नक्की."

"बरं."

त्या 'बरं'ने डेरिकची वाट लागली. चाळीस वर्षं इंजिनं उघडणारा मिस्त्री धुरासमोर उभा राहून बरं म्हणतो, म्हणजे काळाच असेल. आपल्यालाच निळा दिसतोय. त्याने पुन्हा आरशात बघितलं. शेडच्या सावलीत धूर खरंच थोडा काळपट वाटला.

मंगळवारी काकांनी एअर फिल्टर बदलला. बुधवारी नोझल काढले, डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून आणले. काका पेटीत हात घालायचे, पान्यावरचा आकडा अंगठ्याने चाचपायचे आणि बरोबर पाना बाहेर यायचा. एकदा पण खाली बघायचे नाहीत. डेरिक बघत राहायचा. ह्याला म्हणतात हात. आज डिझेल फिल्टर झाला, टाकी धुऊन झाली. गाडी तरी ओढत नव्हती. तिसऱ्या गियरला रडत होती. धूर तोच.

"अजून काळाच?" काकांचा आवाज दमला होता.

"हो."

"मग मला समजत नाही रे." काका फडक्याला हात पुसत राहिले. हात केव्हाच पुसून झाले होते. "आजपर्यंत असं कधी झालं नाही. तू गाडी घेऊन जा, डेरिक. दुसऱ्या कोणाला तरी दाखव. माझ्याच्याने आता होत नाही वाटतं हे काम."

डेरिकने गाडी बंद केली. खाली उतरला.

"काका, निळा आहे."

"काय?"

"धूर. मंगळवारपासून निळाच आहे. मी खोटं बोललो."

काका हाताने चाचपत जुन्या टायरवर बसले.

"मंगळवारी बोलला असतास," ते म्हणाले, "तर त्याच दिवशी इंजिन उघडलं असतं. रिंगा टाकल्या असत्या. तीन दिवसांचं काम आहे. आज रात्री गाडी तयार उभी असती."

"तीन? आठ दिवस लागतात ना?"

"कोण बोलला तुला?"

डेरिकच्या डोळ्यांसमोर आंटीच्या टोपल्या आल्या. करपलेला चाफा आला. मग त्याचं डोकंच फिरलं.

"मग तुम्ही का नाही बघितलं?" तो ओरडला. "मी काय, मी काय पण बोलेन! मला गरज होती! तुम्ही तर धुरासमोर उभे होता ना, काका? तीन दिवस! तुम्हाला दिसत नव्हता निळा धूर?"

बाजूचं वेल्डिंग थांबलं. विलासने तोंडासमोरची काच वर करून बघितलं.

काकांनी मान वर केली. डेरिककडे नाही. त्याच्या जरा बाजूला, जिथे टेम्पोचा उघडा दरवाजा होता, तिकडे बघत ते बोलले. हळू, विलासला ऐकू जाऊ नये इतकं हळू.

"दीड वर्ष झालं, डेरिक. धूर कसला विचारतो, ती परीक्षा नव्हती रे."