बारा मिलिमीटर

वरच्या मजल्यासाठीचं नानांचं लेबल पहिल्याच वेळी बरोबर छापलं गेलं. वरच्या ओळीत नाव, खालच्या ओळीत रात्रीची कॅल्शियमची गोळी, चारी बाजूंना सारखी पांढरी जागा.

“तुम्ही प्रिंटर नीट केल्यापासून आमचं एक लेबल वाया गेलं नाही,” नर्स म्हणाली. “हे वर त्यांच्या औषधाच्या कप्प्याला चिकटवलं की झालं. कपडे मी पाठवते.”

जावयाने मान हलवली. वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्यावर हाक मारूनही न उठणारी माणसं ठेवत. तिथून कुणी खाली परत आलेलं नव्हतं. सकाळी त्याने संमतीची सही केली होती. पेन बंद करताना, आपल्याला वाईट वाटायला हवं, एवढंच त्याच्या मनात आलं. बायको गेल्यापासून त्याचं असंच होतं. नाना तिचे वडील. ती गेल्यावरही तो दर रविवारी सकाळी यायचा, आणि “या शास्त्रज्ञ” म्हणत नाना उठून बसायचे. आठवड्यात त्याला कुणी हाक मारायचं ते तेवढंच.

प्रिंटरचं काम निघालं ते अशाच एका रविवारी. नाना अंघोळीला गेले होते, आणि रिकामा वेळ त्याला सोसत नसे. इथल्या लेबलांवरची अक्षरं अर्ध्या लेबलाने खाली सरकून छापली जात. नाव एका लेबलाच्या तळाशी, आणि त्या माणसाची गोळी पुढच्या लेबलाच्या माथ्यावर. “कित्येक वर्षं असंच आहे, चालवून घेतो,” नर्स म्हणाली होती. त्याने साध्या कागदावर एक पान छापलं, लेबलांच्या कोऱ्या पानावर ठेवून खिडकीशी धरलं आणि पट्टीने मोजलं. वरपासून खालपर्यंत सगळं सारखंच सरकलं होतं. म्हणजे दोन लेबलांमधलं अंतर बरोबर होतं, सुरुवात तेवढी चुकली होती. त्याने वरचा समास बारा मिलिमीटरने कमी केला. अक्षरं जागच्या जागी बसली.

“वाकडं काही दिसलं की आमच्या जावयाला घास जात नाही,” नानांनी त्या दिवशी खोलीभर सांगितलं.

पुढच्या रविवारी नाना उठून बसले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांना चमचा धरवेना. डॉक्टर म्हणाले, वय झालं, शिवाय मुलीचं दुःख. ते कधी कधी उशिरा आत उतरतं. जावयाला ते पटलं. त्याचंही तसंच चाललं होतं.

लेबल बोटाच्या टोकाला चिकटवून तो खोलीत आला. संध्याकाळी तो इथे पहिल्यांदाच थांबला होता. तिसऱ्या खाटेवर नाना, तोंड उघडं, हात पांघरुणाबाहेर. चौथ्या खाटेवरचे ड्रायव्हरकाका पूर्वी बघावं तेव्हा घोरत असत. आता ते मांडी घालून पत्ते पिसत होते.

“या, जावई. बघा तुमचा सासरा, खोलीतली सगळी झोप एकट्याने घेऊन बसलाय. मला महिना झाला, डोळ्याला डोळा नाही.”

“तुम्हाला झोप कशाला हवी काका, तेवढ्या वेळात दोन डाव होतील,” मावशी गोळ्यांचा ट्रे घेऊन आत येत म्हणाल्या.

भिंतीवर एकाखाली एक चार कप्पे होते, प्रत्येकाला लेबल, आत पाण्याचा पेला. मावशींनी पहिल्या कप्प्यावरच्या नावावर बोट ठेवलं. मग बोट खाली घसरलं, दुसऱ्या कप्प्यावर थांबलं, आणि त्यांनी कॅल्शियमची बाटली उघडली. दुसऱ्यासाठी बोट तिसऱ्यावर गेलं. कॅल्शियमच. मग त्यांनी नानांचं नाव वाचलं. बोट चौथ्या कप्प्यावर उतरलं. त्यांनी छोटी निळी बाटली उचलून गोळी तळहातावर घेतली.

“मावशी, गोळी खालच्या लेबलावरची का घेता?”

“मग कुठली घेणार? नाव इथलं, गोळी खालची. रात्रपाळीला आल्याआल्या पहिलं हेच शिकवतात आम्हाला.”

“आणि काकांना?”

“त्यांच्याखाली पूर्वी एक जादा लेबल यायचं. हल्ली येत नाही. म्हटलं, डॉक्टरांनी बंद केली असेल गोळी. आणि बरंच झालं की, बघा कसे टवटवीत झालेत.”

त्याने तिसऱ्या कप्प्यावरचं लेबल वाचलं. नानांचं नाव, कॅल्शियम. चौथ्यावर ड्रायव्हरकाकांचं नाव, झोपेची गोळी. सगळं जागच्या जागी होतं. त्याने ते दाखवलं होतं फक्त दिवसाच्या नर्सला.

मावशींच्या तळहातावरची गोळी त्याने उचलून घेतली. बोटावरचं लेबल मधोमध दुमडलं, तसं ते स्वतःलाच चिकटलं. त्याने गोळी खिशात टाकली.

“म्हणजे लेबलं बदललीत होय?” मावशींचा आवाज चढला. “कुणी केला हा उद्योग? आम्हाला सांगायचं तरी.”

तो नानांच्या उशाशी बसला. त्यांचा हात त्याने हातात घेतला.

“मी,” तो म्हणाला. “मी ते नीट केलं.”