जुनी उत्तरं

रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळणाऱ्या सुनेने राउटरवर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली. राउटर दर दोन मिनिटांनी भिंतींवरच्या पडद्यांना विचारतो, "कोण बघतंय?" आणि जो पडदा उत्तर देईल, त्यालाच चित्र पाठवतो. जुन्या आवृत्तीतलं उत्तर यापुढे धरायचंच नाही, असं तिने ठरवून टाकलं. एकही तक्रार आली नाही, म्हणून स्वारी खुशीत होती.

पाचव्या दिवशी सवड काढून ती जुन्या इमारतीत दाखल असलेल्या सासूबाईंकडे गेली. पडद्यावर रोज प्रार्थना लागते, ती वेळ होती. सगळ्या बायका काळ्याठिक्कर पडद्यासमोर हात जोडून बसल्या होत्या; इथला जुना पडदा अजून जुनंच उत्तर देत होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, हे माझ्यामुळे झालं. कळवलं का नाहीत?"

"हळू बोल गं, तुझं नाव निघेल," सासूबाई कानाशी लागल्या. "रिमोट माझ्याच हातून पडला, असं सांगून ठेवलंय मी सगळ्यांना."