झग्याचा काठ

रोमच्या राजवाड्यात सुईणीने नवजात मुलगी फरशीवर ठेवली. बापाने उचलली तर त्याची, नाहीतर उकिरडा.

"चौथीही मुलगीच!" सम्राट खेकसला आणि पाठ फिरवून निघाला. लगेच झगा ताणला गेला. फरशीवर लोळणाऱ्या त्याच्या जांभळ्या काठावरच सुईणीने बाळ ठेवलं होतं.

"बाजूला कर हिला, सटवे!"

"महाराज दाराबाहेर जाईपर्यंत दुसऱ्याने बाळाला हात लावायचा नाही. रीतच आहे."

दरबारी बघत होते. राजझगा जमिनीवर टाकणं तर महाअशुभ. दातओठ खात सम्राट वाकला आणि काठ सोडवण्यासाठी त्याने बाळ वर उचललं.

"उचललंत!" सुईण ओरडली. "सगळ्यांनी पाहिलं. मुलगी महाराजांची!"

"पुन्हा या वाड्यात दिसलीस तर सिंहापुढे टाकीन."

"नाही दिसणार, महाराज," तिने हात पुढे केले. "राजकन्येला द्या इकडे. गारठलीय ती."