दोन थेंब तेल

रक्ततपासणीच्या खोलीबाहेर काका कान टवकारून बसले होते. तीस वर्षं त्यांनी इथेच पेशी मोजल्या, आत मोजायला बसलेल्या मुलीलाही त्यांनीच शिकवलं. आज काचपट्टीवर नमुना त्यांचाच होता. ल्युकेमियाने पहिल्या औषधाला दाद दिली नव्हती. आता दुसऱ्याची परीक्षा होती. मोजणीयंत्रावर प्रत्येक पेशीला एक बटण दाबायचं; डावीकडचं फक्त कर्करोगाच्या पेशींसाठी, आणि तेवढंच करकरायचं. मागच्या वेळी प्रत्येक करकरीला काकांचा चेहरा उतरताना तिने दाराच्या फटीतून पाहिला होता. म्हणून सकाळीच तिने त्या बटणात तेलाचे दोन थेंब सोडले. मग खाली मान घालून मोजत राहिली. शंभराव्या पेशीला घंटी वाजली, तसे काका बाहेर काकूंना फोनवर सांगू लागले: “अगं, एकदासुद्धा करकरलं नाही! औषध लागू पडलं!” डाव्या बटणावरचा आकडा एकाहत्तर होता. तिने तो तळहाताने झाकला, दार उघडलं.