खसखशीएवढा शंख

लाइट आली, पंखा गरकन फिरला आणि बशीतला शंख उडाला.

ज्ञानेश्वरीने धावत जाऊन बटण बंद केलं. परत येऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काचेची बशी रिकामी होती. झाकण तिनेच काढून ठेवलं होतं, आणि लाइट गेली तेव्हा पंखा बंद करायलाही तीच विसरली होती.

शंख खसखशीच्या दाण्याएवढा. अरबी समुद्राच्या तळाशी, जिथे उजेड पोचत नाही, तिथल्या एका इवल्या गोगलगायीचा. साळवे सरांच्या मित्राने संशोधन जहाजावरून बरणीभर गाळ पाठवला होता. नगरच्या या कॉलेजात बसून सरांनी तो गेल्या पावसाळ्यात चिमूट चिमूट तपासायला घेतला आणि त्यात हा एकच शंख सापडला. असा शंख आजवर कुणी पाहिलेला नाही, अशी त्यांची खात्री होती. उद्या मुंबईहून तज्ज्ञ तो बघायला येणार होते.

ती गुडघ्यांवर बसली. ओला कुंचला फरशीवरून फिरवू लागली. धुळीचा प्रत्येक कण शंखच वाटे. कोपरगावला घरी येऊन "पोरीला पुढं शिकू द्या," असं वडिलांना सरांनीच पटवलं होतं. आता त्यांना काय तोंड दाखवायचं?

"काय गं, झाली का तयारी?" सर दारातच होते.

ती धडपडत उठली. ती काही बोलायच्या आत सर खुर्चीत बसले आणि सूक्ष्मदर्शकावर वाकले. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"वा! काय रेखीव आहे बघ," सर म्हणाले. "कडेचे कंगोरे तर अगदी स्पष्ट."

म्हणजे शंख बशीतच होता? तिचा जीव भांड्यात पडला. तिने वाकून बाजूने पाहिलं. बशीत काही नव्हतं.

हल्ली सर तिच्याकडून पेपर वाचून घ्यायचे. चष्मा घरी राहिला म्हणायचे. ती शंख विसरून सरांकडे बघू लागली.

"सर," ती कशीबशी म्हणाली, "बशी रिकामी आहे. शंख माझ्या हातून गेला."

व्हरांड्यातून मुली हसत गेल्या. वर्गात पुस्तकी भाषा कधी न सोडणारे सर हळूच म्हणाले, "मला न्हाई दिसत गं. दिवाळीपासून बारीक कायबी दिसत न्हाई. नुसतं धुकं हाय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"झालं समदं करून."

"मग उद्या?"

"उद्या त्यांना खरं सांगू. दोन्ही गोष्टींचं."

ते उठले. हाताने चाचपत कपाटातली बरणी काढली. तळाशी अजून बराच गाळ होता. ती त्यांनी तिच्यापुढे ठेवली आणि खुर्ची सरकवली.

"बस."

"सर, तुमची खुर्ची..."

"बस म्हणतो ना."

ती बसली. चिमूटभर गाळ बशीत घेतला, वर पाण्याचा थेंब सोडला आणि डोळा लावला. करडे कण, फुटके शिंपले, पुन्हा करडे कण. सर तिच्या खांद्याशी उभे होते. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

"काय दिसतंय?" प्रॅक्टिकलला नेहमी विचारायचे तसंच सरांनी विचारलं.

या वेळी ते तिची परीक्षा घेत नव्हते.