माणूस निघालाय

डॉक्टरबाईंनी खोलीतला दिवा मालवला आणि त्याचा जुना स्कॅन पडद्यावर लावला. उजव्या फुप्फुसातली गाठ दुकानाच्या नव्या पाटीसारखी झगमगत होती. बायकोने त्याचं मनगट धरलं. एरवी ती ते फक्त रस्ता ओलांडताना धरायची.

तो वीज कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायचा. लाईट गेली की लोक त्याला शिव्या घालायचे आणि तो प्रत्येकाला एकच सांगायचा, माणूस निघालाय. माणूस तेव्हा बहुधा त्याच्याच शेजारी बसून चहा पीत असायचा. या एका वाक्यावर त्याची अख्खी नोकरी निघाली होती.

गाठ सापडली तेव्हा डॉक्टरबाईंनी त्याला समजेल असं सांगितलं होतं. पेशीत मायटोकाँड्रिया असतात, म्हणजे छोटी वीजघरंच. ती जोरात चालतात तिथे या स्कॅनमध्ये उजेड दिसतो. ही गाठ त्यांच्या जिवावर माजलीय. नवं औषध गाठीतली तेवढी वीजघरं बंद पाडतं. पण अजून चाचणीतलं आहे, लागू पडेलच असं नाही. आणि बाकीचे उपाय तर करून झालेत.

म्हणजे माझ्याच छातीत लोडशेडिंग, असं तो म्हणाला. बाईंनी मान डोलावली. मेंदूची लाईन तेवढी वगळा, बायकोने बजावलं, तिथे आधीच दाब कमी आहे.

गोळ्या सुरू झाल्या. फरक पडतोय का, असं तो दर खेपेला विचारायचा. औषध पोचतंय, धीर धरा, असं बाई म्हणायच्या.

"हा आवाज मी ओळखतो," बसमध्ये तो बायकोला सांगायचा. "माणूस चहा पितोय."

तिने हसावं म्हणून तो हे सांगायचा. ती खिडकीबाहेर बघत बसायची.

आता बाईंनी जुन्याच्या शेजारी नवा स्कॅन लावला. मेंदू उजळलेला, हृदय उजळलेलं. फुप्फुसात मिट्ट काळोख.

"तुमचा पडदा बिघडलाय," तो म्हणाला. "तिकडची बाजू लागत नाहीये."

"पडदा ठीक आहे," बाई म्हणाल्या. "गाठ विझलीय."

मेंदूत दिसतोय तो उजेड नक्की ह्यांचाच ना, याची बायकोने आधी खात्री करून घेतली. मग ती रडली.

तो त्या काळोखाकडे बघत राहिला. एवढा अंधार झाला होता आणि कुणाचीच तक्रार नव्हती.

"म्हणजे," तो म्हणाला, "माणूस खरंच निघाला होता."