पहिलं रडू

"हं, सांग आता," आई तिला म्हणाली. "लेकीला तिच्या जन्माची गोष्ट सांग. मग केक."

सगळे टेबलाभोवती सरसावून बसले. केक तिनंच केला होता. बेकरीत दिवसभर ती दुसऱ्यांच्या पोरांची नावं केकवर काढायची, आणि हात असा सफाईचा की खडूस मालकालाही खोड काढता येत नसे. आज स्वतःच्या पोरीच्या पहिल्या वाढदिवसाच्या केकवर मात्र नुसतीच फुलं होती. नाव घालायला विसरले, असं ती म्हणाली.

तिच्या माहेरची ही रीतच होती. वाढदिवसाला केक कापण्याआधी आईनं पोराला त्याच्या जन्माची गोष्ट सांगायची. दादाला दादाची, तिला तिची. तिच्या गोष्टीत रात्रभराच्या कळा होत्या, वेळेवर न आलेली गाडी होती, अर्ध्या झोपेतून धावत आलेली शेजारीण होती. दादा चिडवायचा, "आई, कळांचे तास दरवर्षी वाढतायत हं. अजून दोन-चार वर्षांनी ही जन्मायचीच नाही." सगळे पोट धरून हसायचे. पण गोष्टीचं शेवटचं वाक्य कधी बदलायचं नाही. "तुझं पहिलं रडू कानावर पडलं आणि सगळ्या कळा विसरले बघ."

त्या वाक्यानं वर्षभर तिचा पिच्छा पुरवला होता.

कारण तिनं आपल्या पोरीचं रडू ऐकलंच नव्हतं. बाळाचे ठोके मंदावले, तिला घाईघाईनं ऑपरेशनला नेलं, नाकावर मास्क ठेवला आणि संपलं. जागी झाली तेव्हा पोटात आगीचा डोंब उसळला होता, घशाला कोरड पडली होती आणि पोर सगळ्यांना दाखवून झाली होती. नवऱ्यानं पाहिली, आईनं पाहिली, दादानं फोटोत पाहिली. सगळ्यांत शेवटी तिनं. कुणीतरी एक गुंडाळलेलं गाठोडं तिच्या गालाला लावलं आणि म्हणालं, "ही तुमची." तिच्या मनात आलं, कशावरून?

हे बोलायचं कुणापाशी? लोक म्हणायचे, "सुटलीस बाई, कळा तरी वाचल्या." सुटली म्हणे! खोकला आला की पोटाशी उशी दाबून धरावी लागायची. हसू आलं तरी तेच, पण हसू फारसं यायचंच नाही. वर्ष उलटलं तरी बेकरीतला ट्रे उचलताना टाक्यांची जागा आतून ओढायची. त्या जागेच्या वरचा बोटभर पट्टा अजून बधिर होता, चिमटा काढला तरी कळत नसे. पोरीला ती वेळेवर पाजायची, न्हाऊ घालायची, निजवायची. काही म्हणता काही चुकत नव्हतं. फक्त आतून काही येत नव्हतं. डॉक्टरांनी पोरीबरोबर तेही कापून काढलं, अशी तिची खात्रीच झाली होती.

"अगं, बोल ना," नवरा म्हणाला.

त्यांची पोर, ठमी, त्याच्या मांडीवर बसून तिच्याकडे टकामका बघत होती.

"तू जन्मलीस ना," तिनं सुरुवात केली, "तू जन्मलीस तेव्हा..." तिनं केकची थाळी जरा सरळ केली. "तेव्हा मी झोपले होते."

दादा मोठ्यानं हसला. "घ्या! संपली गोष्ट!" नवरा सावरून घ्यायला पुढे सरसावला. तो होता ना दाराबाहेर, नर्सनं पोर आधी त्याच्याच हातात दिली होती. त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

"मी सुरी आणते," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. सुरी टेबलावरच होती.

आई मागोमाग आली आणि तिनं दार लोटून घेतलं. लेक ओट्याला टेकून रडत होती. एक हात सवयीनं पोटावर दाबलेला होता.

"मला ती माझी वाटतच नाही, आई," ती म्हणाली. "मेलं, वर्ष झालं! तुझ्यासारखं मी तिचं रडू ऐकलं असतं, तर वाटलं असतं."

आईनं ठिबकणारा नळ घट्ट बंद केला.

"मी तरी कुठं ऐकलं?" ती हळूच म्हणाली. "कळा सोसल्या, ते खरं. तू बाहेर आलीस तेव्हा मी शुद्धीवरच नव्हते. नंतर तुला कुशीत ठेवलं, तर मी म्हटलं, कुणाचं आहे हे? घेऊन जा. ते रडू दादाचं, बाळा. त्याच्या वेळचं उचललं आणि तुझ्या गोष्टीत घातलं."

लेकीचं रडणं जागच्या जागी थांबलं. वर्षभर तिनं त्या ऑपरेशनच्या नावानं बोटं मोडली होती. आईला तर कुणी कापलं नव्हतं.

"पण नंतर वाटलं ना?" तिनं आईचा हात घट्ट धरला. "आई, सांग ना. मग कधी वाटलं?"

बाहेरून दादानं हाक मारली, "अगं, केक आता वितळायला लागला!"

आईनं टॉवेल घेऊन तिचे डोळे पुसले, स्वतःचेही पुसले.

"तू माझी वाटावीस म्हणूनच तर दरवर्षी ती गोष्ट सांगत आले," ती म्हणाली.